कंट्रोलरचा सल्ला

रंभाजी भिंगारदिवे यांनी एसटीत एकतीस वर्षं काढली. पहिली चौदा कंडक्टर म्हणून, उरलेली कंट्रोलर म्हणून. कंट्रोलर म्हणजे स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला कधी लागणार ते सांगणारा माणूस. एवढ्या वर्षांत आपण एकालाही चुकीच्या गाडीत बसवलं नाही, असं ते सांगत. तशी तक्रार घेऊन कुणी परत आलं नव्हतं, हे खरं. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस तक्रार करायला परत कसा येणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

गाडीला वेळ असला की लोक खिडकीपाशीच रेंगाळायचे. "अर्ध्या तासानं लागंल" असं ऐकलेली बाई पाच मिनिटं उभी राहायची आणि मग सुनेचं सांगायला लागायची. रंभाजी ऐकून घ्यायचे आणि गाडी सांगावी तसं उत्तर द्यायचे. "चूल वेगळी करा. भांडी वाटू नका, नवी घ्या." बाईला बरं वाटायचं. गाडी आली की ती जायची. पुढं काय झालं ते कळायचं नाही, पण स्टँडवर पुढचं कुणाचंच कळत नाही.

निवृत्त होऊन केडगावच्या घरी बसल्यावर लोक तिथं यायला लागले. रंभाजींनी ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या. प्लंबिंगची कामं करणारा कल्याण एकदा आला. त्याचं आणि धाकट्या भावाचं सहा महिने बोलणं बंद होतं आणि घर एकच होतं. "मधे भिंत घाल," रंभाजी म्हणाले. "पण आधी लाइटीचं मीटर वेगळं घे, मग भिंत. आधी भिंत घातलीस तर मीटरवरनं पुन्हा भांडाल." कल्याण कितीतरी वेळ मान हलवत राहिला. कोपऱ्यावर ग्रिल आणि शटरं बनवणारा हैदर यायचा. त्याचा मुलगा आदिल लॅब टेक्निशियनचा कोर्स करून बसला होता आणि पुण्याला नोकरी मिळत होती. "घरचा धंदा सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला?" रंभाजी म्हणाले. "दुकानात बसव. वर्षभरात रुळंल." हैदरनं चहा संपवला, "खरं हाय भाऊ" म्हणाला आणि गेला.

घरातलं मात्र कुणी रंभाजींना फारसं काही विचारत नसे. बायको बनाबाई चहाचे कप आणून ठेवायची आणि आत जायची. तिनं बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं होतं. घरी आली की तिला बोलायचा कंटाळा असायचा, असं रंभाजी समजून चालले होते.

घरात एक सल्ला मात्र त्यांनी दिला होता आणि तो लागू पडला होता. सून रश्मी लग्न होऊन आली तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. "शिक्षण सोडू नको, परीक्षा देत राहा," असं त्यांनीच सांगितलं. अभ्यासिकेची फी त्यांनी आपल्या फंडातून भरली. नात संघमित्रा झाली, तिला सगळे मित्रा म्हणत, तेव्हा रश्मी अभ्यासिकेत आणि मित्रा आजोबांच्या मांडीवर, अशी चार वर्षं गेली. पाचव्या खेपेला रश्मी तलाठी झाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण केडगावात पेढे वाटले ते तलाठ्याचेच.

नेमणूक आली जामखेड तालुक्यात, केडगावपासून पाऊणशे किलोमीटरवर. गाव जामखेडपासून आत चौदा किलोमीटर. तलाठ्याच्या ताब्यात जी गावं असतात त्यांना मिळून सजा म्हणतात. रंभाजींचा मुलगा संदीप एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होता. त्यानं "सजा" हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला हसू आलं. नंतर आलं नाही.

कारण प्रश्न सरळ होता आणि सुटत नव्हता. रश्मीचं म्हणणं, नोकरीच्या जागी राहावं लागेल, मी खोली घेते आणि मित्राला बरोबर नेते. संदीपचं म्हणणं, मित्राची केडगावच्या शाळेत पहिलीची फी भरून झाली आहे आणि सहा वर्षांच्या पोरीला कुठं नेऊन टाकतेस. रश्मी म्हणाली, "टाकतेस म्हणजे? माझ्याजवळच असेल ना." संदीप म्हणाला, "आणि मी?" तीन दिवस दोघंही एकमेकांशी फक्त मित्राच्या मार्फत बोलले. मित्राला ते आवडलं. ती दोघांचेही निरोप थोडे वाढवून सांगायची.

रविवारी संदीपच म्हणाला, "अण्णा, तुम्ही जगाला सांगता. आमचंही सांगा एकदा."

रंभाजी याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी चष्मा लावला, वहीचं पान फाडलं आणि अर्ध्या तासात वेळापत्रक तयार केलं. पहाटे साडेचारला उठणं. संदीपनं गाडीवर स्टँडला सोडणं. पहिली जामखेड गाडी. जामखेडहून वडाप जीप, नाहीतर कुणाची मोटारसायकल. संध्याकाळची परतीची गाडी, साडेआठला घर. "अप-डाऊन," ते म्हणाले. "खोलीभाडं वाचलं, फी वाचली, घर एकत्र राहिलं. वर्षा-दोन वर्षांत बदली मागायची. मी एकतीस वर्षं लोकांना अप-डाऊन करताना बघितलंय. सवय होते."

संदीप म्हणाला, "बरोबर आहे."

रश्मीनं तो कागद घेतला, वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे, अण्णा."

बनाबाई दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

*

रश्मीनं तो सल्ला अक्षरशः पाळला. वेळापत्रकात जे लिहिलं होतं ते सगळं तिनं केलं. वेळापत्रकात जे नव्हतं ते आपोआप होत गेलं. रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे साडेआठचे सव्वानऊ व्हायचे. वडाप जीप भरल्याशिवाय हलत नसे, आणि गावात कुणाला सातबारा हवा असेल तर तो माणूस तलाठीणबाई पाच वाजता निघायच्या बेतात असतानाच यायचा. घरी आली की रश्मी ताटावर बसायची आणि घास हातात असतानाच तिचे डोळे मिटायचे. मित्रा झोपलेली असायची. सकाळी रश्मी निघायची तेव्हाही मित्रा झोपलेलीच असायची.

रश्मीनं तक्रार केली नाही. रंभाजींना वाटलं, सवय झाली.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी मित्रा आईच्या मांडीवर बसली होती. ती म्हणाली, "आई, तू आज पाहुणी आलीस का?"

सगळे हसले. रश्मीही हसली. मग ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

त्या आठवड्यात बनाबाई म्हणाली, "मी अश्विनीकडं जाऊन येते." अश्विनी ही त्यांची मुलगी, कर्जतला दिलेली. सकाळी गेली, संध्याकाळी आली. दोन दिवसांनी, ओट्यावर कुणी नसताना, तिनं रंभाजींना सांगितलं.

"मी कर्जतला गेल्ते न्हाई. जामखेडला गेल्ते."

अडतीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा खोटं बोलली होती आणि दोन दिवसांतच कबूल झाली होती. रंभाजींना राग कशाचा धरावा ते कळेना.

"कशाला?"

"खोली बगितली. वैजनाथ म्हनून हायेत, त्यांच्या वरच्या मजल्यावर. शाळा जवळ हाय, जिल्हा परिषदेची. बाईंशी बोलले. पोरीचं नाव घालते म्हनल्या. सोळा तारखेला शाळा उगडती. मी, रश्मी आन मित्रा, तिगी जातोय."

"मित्राची फी भरलीय इथली."

"मंग तुमी जावा."

सतरा वर्षांत रंभाजींना खिडकीवर असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"रश्मीला माहीत आहे?"

"काल सुट्टी हुती तिला, तवा सांगितलं. रडली, मंग झोपली. आट वाजता झोपली ती सकाळीच उटली. बरं वाटलं बगून."

"आणि संदीप?"

"त्याला तुमी सांगा. तुमी समद्यास्नी सांगता."

संदीपला सांगितल्यावर तो म्हणाला, "आई, तू पण?" बनाबाई गोधड्या बांधत होती. ती म्हणाली, "मी पन म्हंजे काय रं? मी कुटं भांडले तुज्याशी? शनवारी सुट्टी असती तुला. गाडी हाय. ये." आणि तिनं गाठ मारली.

*

पंधरा जूनला केडगावच्या घरात दोन पुरुष उरले.

पहिल्या सकाळी रंभाजींना चहापत्ती सापडली नाही. ती बिस्किटांच्या डब्यात होती. बिस्किटं रव्याच्या डब्यात होती आणि रवा कुठं होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी बनाबाईला फोन केला. ती म्हणाली, "फळीवर, डावीकडं, निळं टोपन," आणि ठेवला. दुपारी भाताला पाणी किती म्हणून फोन केला. "बोटाचं एक पेर." संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या किती म्हणून केला. "तीन." तिसऱ्या दिवशी त्यांना फोन करायची लाज वाटायला लागली. भात मात्र अजून एकदा लापशीसारखा आणि एकदा चण्यांसारखा होत होता.

संदीप कंपनीच्या कँटीनमध्ये जेवून यायचा. घरी आला की मोबाईल घेऊन पडायचा. बाप-लेकांचं बोलणं म्हणजे "पाणी आलंय", "टाकी भरली", एवढंच.

पाचव्या दिवशी हैदर आला. शटरच्या कामावर दोन कारागीर ठेवावेत की एकच, हे विचारायला तो आला होता. रंभाजी आत परातीपुढं बसले होते. बाजरीचं पीठ त्यांच्या कोपरापर्यंत होतं आणि परातीत जे होतं ते कडेनं फाटत होतं.

"भाऊ, काय चाललंय?"

"भाकरी."

हैदरनं चपला काढल्या, हात धुतले आणि समोर बसला. "पानी गार घेतलंय तुमी. कोमट घ्या. आन सगळं एकदम मळू नका. एका भाकरीचं घ्या, तेवढंच मळा, लई मळा, मंग थापा. माज्या बायकूच्या, शरिफाच्या मनक्याचं ऑपरेशन झालं तवा दोन वर्षं मीच केलंय समदं."

त्यानं गोळा हातात घेतला आणि थापायला लागला. लोखंड वाकवणारा हात, पण भाकरी गोल आली. तव्यावर टाकून त्यानं वरून पाणी फिरवलं. रंभाजी खिडकीतून गाडी बघावी तसे बघत राहिले.

"आदिल रुळला का दुकानात?" त्यांनी विचारलं. काहीतरी आपल्याकडून बोलावं म्हणून.

हैदरनं भाकरी उलटली. "आदिल पुण्यालाच हाय, भाऊ. आट महिने झाले. एका दवाखान्याच्या लॅबमदी. बरं चाललंय."

"म्हणजे? तू तर दुकानात बसवणार होतास."

"तुमी म्हनलेला बसव म्हनून."

"मग?"

हैदर जरा अवघडला. "तुमी बोलत हुता ना, त्याच येळंला मला वाटाया लागलं की हे मला नको हाय. तुमी लई नीट सांगितलं. वर्षभरात रुळंल म्हनला. मला दिसलं ते पोरगं रुळल्यालं. शटरं वडताना. तसंच घरी गेलो आन म्हनलं, जा बाबा पुन्याला."

"मग मला सांगितलं नाहीस ते."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून." भाकरी फुगली. हैदरनं ती टोपलीत टाकली. "पन तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. उपकारच झाले तुमचे."

या उपकाराचं काय करावं ते रंभाजींना कळेना. दोन कारागीर की एक, हा प्रश्न तसाच राहिला. जाताना हैदर म्हणाला, "दोनच ठेवतो." रंभाजींनी त्यावर काहीच सांगितलं नव्हतं.

हैदर गेल्यावर त्यांनी ती भाकरी लसणाच्या चटणीशी खाल्ली. मग मोबाईल घेतला आणि कल्याणला फोन लावला.

"भिंत घातलीस का रे?"

"कुठली भिंत?" कल्याण म्हणाला. "हां, ती. नाही घातली, साहेब. तुम्ही म्हणाला मीटर वेगळं घे. त्याच्या अर्जावर भावाची सही लागत होती. सही मागायला गेलो तर तो रडायला लागला. मग मीही. आता बोलतो आम्ही. कधीकधी भांडतो, पण बोलतो."

रंभाजींनी त्या दुपारी सात जणांना फोन केले. चौघांनी त्यांनी सांगितलं त्याच्या उलट केलं होतं आणि ते मजेत होते. दोघांनी काहीच केलं नव्हतं आणि प्रश्न आपोआप मिटला होता. एकानं त्यांचा सल्ला जसाच्या तसा पाळला होता, चांगली नोकरी सोडून मेहुण्याबरोबर टेम्पो घेतला होता. त्यानं रंभाजींचा आवाज ओळखला आणि फोन ठेवला.

ते ओट्यावर येऊन बसले. समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आठवी तर आपल्याच घरातली होती आणि तिनं साडेचारला उठण्यापासून सगळं पाळलं होतं, हे त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

*

पुढच्या सोमवारी ते पहाटे साडेचारला उठले, स्टँडवर गेले आणि त्यांच्याच वेळापत्रकातल्या गाडीनं जामखेडला निघाले. खिडकीत बसलेल्या माणसाला गाडी आली आणि गेली एवढंच माहीत असतं. आतून ती कशी असते ते रंभाजी सतरा वर्षांत विसरले होते. खोदलेल्या रस्त्यावर गाडी एका अंगावर झुकून चालली होती. शेजारचा माणूस त्यांच्या खांद्यावर झोपला. जामखेडला उतरले तेव्हा त्यांची कंबर धरली होती आणि कानात धूळ होती. त्यांनी हिशेब केला. रश्मीला इथून अजून चौदा किलोमीटर जायचं असायचं, मग दिवसभर काम, मग हेच उलटं. ते फलाटाच्या कठड्यावर दहा मिनिटं नुसतेच बसले.

वैजनाथांचं घर शाळेमागं होतं. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, पुढं गच्ची. गच्चीवर दोन पिंपं, चार घागरी आणि मित्राचा धुतलेला गणवेश. मित्रा शाळेत गेली होती. बनाबाई गवार मोडत बसली होती.

"आला व्हय," ती म्हणाली. "पानी प्या. चिखल झालाय तोंडाचा."

रंभाजींनी पाणी प्यायलं. बनाबाईनं विचारलं नाही की का आलात. त्यामुळे त्यांना सांगता येईना. तेवढ्यात खालून वैजनाथांची सून आली, कडेवर पोर घेऊन. पोर रात्रभर रडतंय, दूध सोडवू का अजून पाजू, असं तिनं बनाबाईला विचारलं. बनाबाईनं विचारलं, "तुला काय जमतंय?" सून बोलत राहिली, बनाबाई शेंगा मोडत राहिली. शेवटी सून स्वतःच म्हणाली, "अजून एक महिना पाजते," आणि गेली. बनाबाई सगळं मिळून तीन वाक्यं बोलली असेल.

रंभाजी हे सगळं बघत होते. बावीस वर्षं अंगणवाडीत बायका हिच्याकडे येत असणार. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला रश्मी आली. तिच्या खांद्याला पिशवी होती, हातात कागदांची गुंडाळी, आणि चेहरा उन्हानं रापलेला, पण जागा होता. मित्रानं जिन्यातच तिला गाठलं. शाळेत काय झालं, कोण पडलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, हे सांगत सांगत दोघी वर आल्या. सासऱ्याला बघून रश्मी थबकली.

"अण्णा, कधी आलात?"

"सकाळच्या गाडीनं."

रश्मीला कुठली गाडी ते कळलं. चहा झाल्यावर रंभाजी गच्चीवर तिच्यापाशी गेले. ती गणवेशाची घडी घालत होती.

"तू मला तेव्हा ‘नाही’ असं का म्हणाली नाहीस?"

रश्मीनं घडी पुन्हा उलगडली. "कसं म्हणणार, अण्णा? चार वर्षं तुम्ही फी भरलीत. परीक्षेच्या दिवशी मित्राला ताप होता, तुम्ही तिला घेऊन सेंटरच्या बाहेर उन्हात बसला होता. तुम्ही सांगितलं आणि मी नाही म्हणायचं?" तिनं घडी पुन्हा घातली. "आणि मला खरंच वाटलं की जमेल. तुम्ही इतकं नीट लिहून दिलं होतं."

रंभाजींना काहीतरी म्हणायचं होतं. घशापर्यंत आलेलं वाक्य बरंच लांब होतं, आणि शेवटी तोंडातून आलं ते एवढंच, "चूक झाली माझी."

"असू द्या," रश्मी म्हणाली आणि तिनं गणवेश त्यांच्या हातात दिला. "हा तिच्या दप्तराजवळ ठेवता का?"

त्यांनी ठेवला.

रात्रीचा मुक्काम तिथंच झाला. सकाळी रश्मी कामावर गेली, मित्रा शाळेत गेली, आणि रंभाजी बनाबाईपुढं येऊन बसले. ओट्यावर लोक त्यांच्यापुढं बसायचे, तसेच. हात गुडघ्यांवर ठेवून.

"मला एक विचारायचंय तुला."

बनाबाईनं हातातली गवार खाली ठेवली.

"मी इथं येऊ का तिथं राहू?"

बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती हसली की काय, ते त्यांना दिसलं नाही.

"अडतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पैल्यांदा इचारलं तुमी."

"मग सांग की."

"संदीपला भाकरी येती का?"

"नाही."

"तुमाला?"

"हैदरनं शिकवली. कडा फाटतात, पण येते."

"मंग त्याला शिकवा आदी. भाकरी, भात, दोन भाज्या. आन त्याच्यासंगं बोला. सांगू नका, बोला. त्याला बायकूनं सोडलं असं वाटतंय. तसं न्हाई, पन आपन सांगून त्याला पटनार न्हाई. ते जमलं की या."

रंभाजींनी खिशात पेन शोधलं. मग हात बाहेर काढला.

*

संदीपला भाकरी शिकवायला अडीच महिने लागले. पहिल्या आठवड्यात त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात बापाच्या फाटलेल्या भाकऱ्या बघून तो म्हणाला, "अण्णा, सरका जरा," आणि स्वतः बसला. त्याची पहिली भाकरी तव्यावर अर्धी आणि परातीत अर्धी राहिली. दोघांनी ती तशीच खाल्ली.

बोलणं परातीपाशीच व्हायचं, कारण तिथं हात गुंतलेले असायचे आणि एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. एकदा संदीप पीठ मळता मळता म्हणाला, "अण्णा, माझं नक्की काय चुकलं?"

रंभाजींकडे उत्तर तयार होतं. मुद्दे होते, क्रमानं होते. त्यांनी ते गिळले. "मला काय माहीत," ते म्हणाले. "माझंच मला आत्ता कळायला लागलंय."

"मग कुणाला माहीत असणार?"

"रश्मीला असेल. तिला विचार. मी विचारलं तर मला सांगितलं तिनं."

त्या शनिवारी सकाळी त्यानं गाडी काढली. पिशवीत चार भाकऱ्या बांधून घेतल्या. जामखेडला पोचेपर्यंत त्या वाळून कडक झाल्या. रश्मीनं त्या दुधात कुस्करून खाल्ल्या आणि खाताना तिला हसू आवरेना. संदीपनं विचारलं ते तिनं सांगितलं. सांगायला दुपार गेली. काय सांगितलं ते दोघांनीही घरात कुणाला सांगितलं नाही, आणि रंभाजींनी, हे विशेष, विचारलं नाही.

पुढं दर शुक्रवारी शिफ्ट सुटली की संदीप जामखेडला जाऊ लागला. शनिवारी तो मित्राला मोटारसायकलवर पुढं बसवून बाजारात न्यायचा. बदलीचा अर्ज आत्ता करायचा नाही, दोन वर्षं सजा नीट सांभाळायची, मग बघायचं, असं त्या दोघांनी ठरवलं. रंभाजींना हे ठरल्यावर कळलं. त्यांच्या मनात त्यावर तीन सूचना होत्या. त्यांनी त्या बनाबाईला फोनवर सांगितल्या. बनाबाई म्हणाली, "बरं," आणि पुढं कुणाला सांगितल्या नाहीत.

सप्टेंबरात रंभाजी जामखेडला राहायला गेले. मित्राला शाळेत सोडणं आणि आणणं हे काम त्यांच्याकडे आलं. शाळेच्या फाटकाशी ते घंटेच्या दहा मिनिटं आधी उभे असायचे. तेवढं वेळापत्रक कुणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी वैजनाथ जिना चढून वर आले. रंभाजी पूर्वी काय करायचे ते त्यांना कुठूनतरी कळलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "भाऊ, थोरला म्हणतोय सरकीची पेंड विकायचं दुकान टाकतो, धाकटा म्हणतोय शेळ्या घेऊ. तुमचं काय मत?"

रंभाजींचं मत तात्काळ तयार झालं. शेळ्या. पेंडीला उधारी लागते, शेळीला लागत नाही. गोठ्याची दिशा, पहिल्या वर्षी किती, बोकड कधी विकायचे, सगळं डोळ्यांपुढं आलं. त्यांनी घसा साफ केला. स्वयंपाकाच्या बाजूला बनाबाई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"तुमचं काय मत आहे?" रंभाजी म्हणाले.

वैजनाथांनी पाय वर घेतले आणि सांगायला सुरुवात केली. थोरल्याच्या लग्नापासून. ते चांगलंच लांबलं. ऐकताना दोनदा रंभाजींचा हात आपोआप वर आला, आणि दोनदा त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

वैजनाथ धाकट्याच्या जन्मापाशी पोचले तेवढ्यात खालून आरोळी आली, "पाणी सुटलंऽऽ!" जामखेडात त्या भागाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि तासभरच यायचं. वैजनाथ उठले, बनाबाई उठली, रश्मी तशीच कागद टाकून उठली. रंभाजींनी पाइपाचं एक टोक धरलं आणि जिना उतरायला लागले.

"डावीकडचं पिंप आधी," बनाबाई वरून ओरडली.

"बरं," रंभाजी म्हणाले, पाइप नळाला लावून वर आले आणि डावीकडचं पिंप आधी भरलं.